जामीन मिळाला, पण उपचाराचं काय?

मोहल्ल्यातला एखादा पोरगा गांजा किंवा ‘बटन’ गोळ्यांसह पकडला गेला की घरचे आधी वकील शोधतात, मग शेजाऱ्यांपासून तोंड लपवतात. कायद्यातच उपचाराचा रस्ता आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ३९ पाहा. अल्प प्रमाणाच्या (गांजा १ किलोपर्यंत, हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत) गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला, तो तयार असेल तर, न्यायालय शिक्षेऐवजी सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडू शकतं. त्यासाठी बंधपत्र लागतं आणि वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन हजर व्हावं लागतं. कलम ६४-अ नुसार आरोपीने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते.

आणि उपचार अर्धवट सुटतात ते बरेचदा घरच्या तंगीमुळे. कमावणारा तोच असतो. खेड्यातून उपचाराला नि तारखेला चकरा म्हणजे एसटीचं भाडंही गेलं, रोजीही बुडाली. आम्ही शिक्षक मंडळी हे वर्गात बघतो: बाप अडकला की आधी पोरीची शाळा सुटते.

जकातीच्या आठ हक्कदारांत गरीब, मोहताज, कर्जदार आहेत. व्यसनीच्या बायकापोरांना त्यातून कुणी वगळलेलं नाही. बायको निसाबची मालक नसेल तर रक्कम तिच्या हातात द्या, त्याच्या नको. मसला मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. न्यायालय जामीनदार मागू शकतं. तिथे पैशापेक्षा ओळखीचा, सोबत येणारा माणूस लागतो. रमजानच्या यादीत अशा घराचं नाव गुपचूप घालता येतं.

नशामुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाईन: १४४४६.