मॉरिस नृत्य : नाव आणि उगम

पायांना घुंगरू, हातांत रुमाल किंवा काठ्या अशा थाटात नाचले जाणारे मॉरिस हे इंग्लंडचे लोकनृत्य होय. ‘मॉरिस’ हा शब्द ‘मूर लोकांचे’ या अर्थाच्या जुन्या विशेषणापासून आला. मात्र शब्दाची व्युत्पत्ती हा वस्तूचा इतिहास नसतो; परक्या, विलक्षण वाटणाऱ्या गोष्टीलाही असे नाव मिळू शकते.

सेसिल शार्प यांनी १८९९ च्या नाताळात हेडिंग्टन क्वारी येथे हे नृत्य पाहिले व पुढे त्याचे संकलन केले. १९०७ च्या ग्रंथात त्यांनी मूर उगम मानला. १९१२ च्या आवृत्तीत तो सोडून ख्रिस्तपूर्व सुफलन-विधीचा अवशेष ही उपपत्ती स्वीकारली. दोन्ही मते आकर्षक आहेत, पण कागदपत्रे वेगळेच सांगतात. इंग्लंडमधील सर्वांत जुनी ज्ञात नोंद १४४८ ची आहे : लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नर्तकांना ७ शिलिंग दिले. त्यानंतर हे नृत्य राजदरबारात दिसते. खेड्यांतील चर्चच्या उत्सवांत ते पुढे रुळले. म्हणजे येथे प्रवाह धनिकांकडून गावाकडे वाहिला. लोककला नेहमी मातीतूनच उगवते असे गृहीत धरणाऱ्या अभ्यासकाने हिशेबाची ही रुक्ष नोंद अवश्य ध्यानात घ्यावी. सुफलन-विधीची कथा काही नर्तक आजही आवडीने सांगतात.