ताठलेला कणा आणि शस्त्रक्रियेचे धाडस

पनवेलच्या एका वाचकांनी पत्राने विचारले आहे की, नेऱ्याचे शांतिवन जवळच असल्यामुळे कुष्ठरोगाने वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ होतात हे आम्ही ऐकून आहोत. मग संधिवाताने वाकलेली माझ्या बंधूंची पाठ सरळ करण्यास शल्यविशारद का कचरतात?

प्रश्न मार्मिक आहे. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास जी पद्धती आरंभिली, तीत लुळ्या पडलेल्या स्नायूंचे काम दुसऱ्या सशक्त स्नायूचा कंडरा वळवून त्याच्याकडे सोपविले जाते. हाड अबाधित राहते, आणि बोटांचे सांधे व्यायामाने आधीच सैल करून घेतलेले असतात. पाठ अशी वाकविणाऱ्या संधिवातात, म्हणजे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये, ही मुभा नाही, कारण तेथे मणक्यांना जोडणारे बंध दाहामुळे हळूहळू अस्थिमय होऊन सबंध कणा एकसंध बनतो, आणि क्वचित हनुवटी छातीला इतकी भिडते की समोरच्या माणसाचा चेहरा पाहणेही दुरापास्त होते. भागवतातील श्रीकृष्णाने कुब्जेचे पाय आपल्या पायाने दाबून, दोन बोटांनी तिची हनुवटी उचलून तिला सरळ केले. शल्यविशारदास मात्र हाडच तोडावे लागते.

ते धाडस बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. कमरेच्या मणक्यांच्या मागील बाजूने हाडाची पाचर काढून पाठ मागे वळविली की कण्याची पुढील बाजू उघडते, आणि तिच्या लगतची, वर्षानुवर्षे आखडून कठीण झालेली महारोहिणी ताणली जाऊन फुटल्याचे दाखले वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. १९८५ मध्ये थॉमसेन यांनी मणक्याच्या मुख्य पिंडातूनच पाचर काढून पडलेली फट मागून मिटविण्याची पद्धत मांडली, तेव्हा हा ताण पुष्कळ टळला. मज्जारज्जूचे भय राहिलेच. भूल देणेही अवघड, कारण मान वळत नाही आणि फासळ्यांचे सांधे ताठल्याने छाती पुरती फुलत नाही.

मानेच्या शस्त्रक्रियेत तर मार्शल युरिस्ट यांनी १९५८ साली रोग्यास बसवून, केवळ स्थानिक भूल देऊन हाड कापल्याची नोंद केली. रोगी जागा असल्यामुळे हातापायांची शक्ती जाऊ लागली की तत्क्षणी कळे, आणि त्या काळी मज्जारज्जूची इतकी विश्वसनीय खबर देणारे दुसरे साधन नव्हते. युरिस्ट यांचे नाव १९६५ च्या अस्थिजनक प्रथिनाच्या शोधासाठीच घेतले जाते. मला त्यांचे हे आधीचे काम तितकेच थोर वाटते. पुढे १९७३ मध्ये स्टॅग्नारा व त्यांचे सहकारी यांनी पूर्ण भुलेतील रोग्यास मध्येच जागे करून पाय हलविण्यास सांगण्याची रीत घातली. आज विद्युत्संकेतांनी मज्जारज्जूवर पहारा ठेवता येतो. जोखीम घटली आहे, संपलेली नाही, आणि तिचा उल्लेख टाळणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

पाठीचा प्रत्येक संधिवात हा असा नसतो, हेही सांगितले पाहिजे. बाबा आमटे यांची व्याधी मणक्यांच्या झिजेची, स्पाँडिलोसिसची होती. त्यांना बसता येत नसे, तरी १९८५ साली, सत्तरी उलटल्यावर, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेस निघाले. झिजेच्या विकारात शस्त्रक्रिया करायची ती बहुधा दबलेली नस मोकळी करण्यासाठी.

बंधूंविषयीचा निर्णय त्यांना समक्ष तपासणाऱ्यानेच द्यावा. परंतु हा दाहाचा विकार पुष्कळदा घराण्यात उतरतो आणि तरुणपणीच सुरू होतो; म्हणून घरातील एखाद्या तरुणाची पाठ सकाळी ताठत असेल, विश्रांतीने न थांबता हालचालीने सैल होत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल, तर त्यास विनाविलंब संधिवाततज्ज्ञांकडे न्यावे.