लॅब्रॅडॉरच्या पिंजऱ्यात चिंचिला

शेजारच्यांचा लॅब्रॅडॉर म्हातारा होऊन गेला आणि त्याचा तारेचा घडीचा पिंजरा आमच्या गराजमध्ये आला. लांबी ४२ इंच, रुंदी २८, उंची ३०. न्यू जर्सीत असे पिंजरे लोक रस्त्याच्या कडेला फुकट ठेवून देतात, कारण कुत्रा एकदा शिकला की त्यांचा उपयोग संपतो. त्याच सुमारास मुलीनं प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक राखी रंगाची चिंचिला घरी आणायचं नक्की केलं. तिचं नावही येण्याआधीच ठरलं, भुरी. नवा मोठा पिंजरा महाग होता आणि गराजमध्ये हा एवढा ऐवज पडलेला. मी म्हटलं, यातच बसवू. नाशिकहून आई व्हिडिओवर पिंजरा बघून म्हणाली, "अगं, एवढ्याशा उंदराला एवढं मोठं घर?" ते घर मोठं नव्हतं, चुकीचं होतं. आडवं मोठं, उभं लहान आणि दातांच्या बाबतीत अगदीच भाबडं.

का ते समजायला आधी प्राणी समजून घ्यावा लागतो. चिंचिला मूळची अँडीज पर्वतातली. कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर कपारींमध्ये कळपानं राहणारी. तिच्या फरसाठी माणसानं तिला जवळजवळ संपवलं. मॅथियास चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्यानं १९२३ साली चिलीहून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात आणल्या. अमेरिकेतल्या बहुतेक पाळीव चिंचिलांचं मूळ त्या ११ पर्यंत जातं असं मानतात. म्हणजे शंभर वर्षं माणसाजवळ राहूनही अंगात डोंगरच आहे. कुत्र्याला पिंजरा म्हणजे अंग टाकायची जागा, हिला पिंजरा म्हणजे कडा. कड्यावर चढायचं, उड्या मारायच्या, फटीत शिरायचं, आणि समोर येईल ते कुरतडायचं.

फटीपासून सुरुवात करू, कारण जीव तिथूनच निसटतो. चिंचिला दिसते नारळाएवढी, पण त्यातला मोठा भाग नुसता फर. केसाच्या एकेका मुळातून पन्नासहून जास्त केस निघतात. आत शरीर जेमतेम अर्धा किलोचं असतं. डोकं जिथून जातं तिथून बाकीची बाई जातेच. माझ्या पिंजऱ्यात गजांमधलं अंतर दीड इंच होतं. मोठ्या चिंचिलासाठी एक इंचाहून जास्त फट नको आणि पिल्लं होण्याची शक्यता असेल तर अर्धा इंच. चिंचिलाची पिल्लं डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन जन्मतात आणि पहिल्याच दिवशी पळायला लागतात. वजन जेमतेम ५० ग्रॅम. निवाऱ्यातून आणलेली मादी गाभण असली तर तीन-साडेतीन महिने कळणारही नाही, म्हणून मी सरळ अर्धा इंच धरला.

उपाय म्हणजे अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी अजिबात नको, ती ताणली जाते आणि कुरतडली तर तुटते. जाळी पिंजऱ्याच्या बाहेरून लावायची, आतून नाही. बाहेरून लावली की तिची कापलेली टोकं चिंचिलापर्यंत पोचत नाहीत आणि दातांपुढे आधी पिंजऱ्याचे जाड गज येतात. बाजारातली जाळी बहुधा जस्ताचा मुलामा दिलेली असते. जस्त कुरतडून पोटात गेलं तर विषबाधा होते, म्हणून स्टेनलेस मिळाली तर तीच घ्यावी. मी मुलाम्याचीच घेतली, पण व्हिनेगरनं घासून, धुऊन, चांगली उन्हात वाळवून. कापलेली कड पकडीनं बाहेरच्या बाजूला दुमडली आणि वर कानस मारली.

जाळी बांधायला मी वापरल्या केबल टाय. ही माझी घोडचूक. प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्वस्त, झटपट, शंभराच्या पाकिटात मिळतात. तिसऱ्या रात्री दोन वाजता फ्रीजमागून खुडबुड ऐकू आली. भुरीनं कोपऱ्यातल्या चार पट्ट्या गजांच्या आतून कुरतडून जाळी सैल केली होती. पिंजऱ्यात परतायला तिला मनुक्याचं आमिष दाखवावं लागलं आणि त्यात आमची पाऊण रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सशांच्या पिंजऱ्यांसाठी मिळणाऱ्या धातूच्या क्लिपा आणल्या. इंग्रजी जे अक्षरासारख्या असतात, खास पकडीनं दाबल्या की गजाभोवती वळून बसतात. दर चार इंचांवर एक. ज्यांच्याकडे ती पकड नाही त्यांनी स्टीलची तार दोन फेरे घेऊन पिळावी, टोक बाहेर वळवावं. पण प्लॅस्टिक कुठेच नको.

दाराचं लोक विसरतात. दाराला जाळीचा वेगळा तुकडा कापून दारालाच लावायचा, नाहीतर दार उघडणार कसं? कुत्र्याच्या पिंजऱ्याच्या दाराला एक किंवा दोन सरकत्या खिट्या असतात, आणि दाराचे कोपरे हातानं ढकलले तर बोटभर वाकतात. कुत्रा ते करत नाही. चिंचिला नाक घालून बघतेच. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात एकेक गिर्यारोहकांचा कॅरॅबिनर किंवा कुत्र्याच्या पट्ट्याचा स्नॅप हुक अडकवला की प्रश्न मिटतो.

आता तळ. या पिंजऱ्यांच्या खाली प्लॅस्टिकचा काळा ट्रे येतो. चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ती कुरतडत राहते, आणि ट्रेची कड तिच्या दृष्टीनं नुसती वाट बघत असते. गिळलेलं प्लॅस्टिक आतड्यात अडकतं. ट्रे काढून टाकायचाच. मग त्याखाली उरते तारेची तळजाळी. तिच्यावर तसंच ठेवलं तर दोन प्रकारांनी पाय जातात. एक म्हणजे रोज तारेवर उभं राहून तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात. दुसरं म्हणजे चिंचिलाचं मागच्या पायाचं नडगीचं हाड लांब आणि काडीसारखं नाजूक असतं. उडी मारून उतरताना पंजा तारेत अडकला आणि अंग पुढे गेलं की तडकतं. पाय मोडलेल्या चिंचिलांमध्ये हेच हाड सगळ्यात जास्त वेळा मोडलेलं आढळतं.

मी पिंजऱ्याचं माप घेऊन एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या पत्र्याच्या दुकानात गेले. त्यांनी पत्र्याचा तीन इंच काठाचा ट्रे वाकवून दिला, कडा दुमडून. काम अर्ध्या तासाचं. त्यात अस्पेनच्या लाकडाचा भुसा घातला. भट्टीत वाळवलेल्या पाइनचाही चालतो. सीडरचा मात्र नको, त्याच्या वासातली तेलं श्वासाला आणि यकृताला त्रास देतात. काही जण फ्लीसच्या कापडाची गादी घालतात. ती धुता येते, पण कापड कुरतडलं जातंय का यावर डोळा ठेवावा लागतो.

खरी मजा फळ्यांची. पिंजरा कड्यासारखा करायचा म्हणजे आत पायऱ्या हव्यात. लाकूड भट्टीत वाळवलेलं, रंग-पॉलिश-रसायन न लावलेलं पाइन किंवा पॉप्लर. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये डिंक असतो, ते बाद. फळी पाऊण इंच जाड, सहा-सात इंच रुंद. जाड घ्या, कारण ही फळी खाल्ली जाणार आहे.

फळी गजांना टांगायची युक्ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला इतकी आवडली की ती सविस्तर सांगते. हँगर बोल्ट नावाचा एक खिळा मिळतो. त्याच्या एका टोकाला लाकडात शिरणारा स्क्रू, दुसऱ्या टोकाला नटचे आटे. आधी फळीच्या लांब कडेत ड्रिलनं बारीक भोक पाडायचं, नाहीतर लाकूड फाटतं. फळीच्या आखूड टोकात शक्यतो पाडू नका, तिथे लाकडाचे धागे कापलेले असतात आणि स्क्रू नीट धरत नाही. स्क्रूचं टोक लाकडात घट्ट बसवायचं. आट्यांचं टोक पिंजऱ्याच्या आतून गजांमधून आणि जाळीतून बाहेर काढायचं. बाहेरून दीड-दोन इंचांचा रुंद वॉशर आणि वर पंखाचा नट, जो हातानं फिरतो. नट आवळला की एका बाजूला फळीची कड आणि दुसऱ्या बाजूला वॉशर, मध्ये गज आणि जाळी सँडविचसारखी दाबली जाते. एका फळीला असे दोन बोल्ट. नट बाहेर असल्यामुळे आत कुरतडायला धातूचं टोकसुद्धा शिल्लक राहत नाही.

एक गोष्ट अनुभवानं कळली. पिंजऱ्याच्या भिंतीच्या मधोमध लावलेली लांब फळी डगमगते, कारण तारेची भिंतच मऊ असते. कोपऱ्यात लावलेली, दोन लागून असलेल्या भिंतींना एकेक बोल्ट मारलेली फळी खडकासारखी बसते. म्हणून मी जवळजवळ सगळ्या कोपऱ्यांतच लावल्या.

फळ्या एकाखाली एक नकोत, जिन्यासारख्या सरकवत लावायच्या. एका पायरीपासून पुढची सहा-आठ इंचांवर पुरते. आणि कुठूनही पाय घसरला तर सरळ तळापर्यंतचं पडणं दोन फुटांहून जास्त होता कामा नये. चिंचिला चार-पाच फूट उडी मारते, हे ऐकून लोक पिंजरा उंच करतात आणि आतली पोकळी तशीच ठेवतात. उडी मारणं वेगळं, पडणं वेगळं.

तीस इंचांची उंची मला कमी वाटली, म्हणून रस्त्याच्या कडेला तसाच दुसरा पिंजरा मिळाल्यावर एकावर एक रचले. इथे बरेच लोक खालच्याचं छत आणि वरच्याचा तळ पूर्ण काढून टाकतात. ते करू नका. घडीच्या पिंजऱ्याला उभं धरून ठेवणारं बळ छतात असतं, छत गेलं की भिंती डुलायला लागतात. मी दोन्हीला एकावर एक येईल अशी दहा इंचांची चौकोनी खिडकी कापली, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या आणि त्यांवर पाइनच्या पट्ट्यांची चौकट बसवली. उरलेल्या तळावर फळ्या पसरल्या. दोन्ही पिंजरे धातूच्या क्लिपांनी बांधले आणि वरचा भाग भिंतीला हुकानं अडकवला. मधला तळ राहिल्यामुळे पडण्याची उंचीही आपोआप निम्मी झाली.

पाण्याची बाटली काचेची, तोटी धातूची, आणि बाटली पिंजऱ्याच्या बाहेर. चाक हवं असेल तर १५ इंच व्यासाचं, धातूचं, सलग पत्र्याचं. लहान चाकात पाठ कमानीसारखी वाकते आणि जाळीच्या चाकात तोच पायाचा धोका. धुळीच्या आंघोळीचं भांडं कायम आत ठेवायचं नाही. दाट फर पाण्यानं भिजला तर वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून चिंचिला ज्वालामुखीच्या बारीक राखेत लोळून साफ होते. आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं पुरे. आपल्या हॉलमध्ये त्यानंतर भस्माचा थर बसतो, तो आपणच पुसायचा.

पिंजरा कुठे ठेवायचा हे पिंजऱ्याइतकंच महत्त्वाचं. चिंचिलाला घाम येत नाही, अंगावर पर्वतातली रजई आहे, आणि उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कान. कान लालभडक दिसले तर ती तापलीय असं समजावं. १६ ते २१ अंश सेल्सिअस तिला मानवतं. २५ च्या वर गेलं की चिंता, २७-२८ आणि दमट हवा म्हणजे उष्माघात. आमच्याकडे जुलैत बाहेर ३२ आणि त्याच्या वरही जातं, म्हणून पिंजरा खिडकीपासून आणि हीटरपासून लांब, एसी चालतो त्या खोलीत आहे. त्यात एक थर्मामीटर आणि फरशीच्या दुकानातून आणलेला ग्रॅनाइटचा तुकडा ठेवलाय. भुरी उन्हाळ्यात त्यावर पसरून झोपते. पुण्याच्या मावसबहिणीनं हे सगळं पाहून विचारलं होतं, आपणही आणावी का. पुण्यात कुठलाही फॅब्रिकेटर अँगल आणि वेल्डमेशचा याहून बळकट पिंजरा दिवसात करून देईल. पण एप्रिल-मेमध्ये चोवीस तास एसी आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, एवढी तयारी असेल तरच विचार करावा. मुंबईच्या दमट हवेत किंवा नागपूरच्या ४५ अंशात ही चैन नाही, जिवाशी खेळ आहे. मी तिला नकोच म्हणून सांगितलं.

प्राणी आत सोडण्याआधी एक तपासणी. जुना नायलॉनचा मोजा हातावर चढवायचा आणि पिंजऱ्याच्या आतून प्रत्येक गजावरून, कोपऱ्यावरून, फळीच्या कडेवरून हात फिरवायचा. मोजा जिथे अडकेल तिथे टोकदार काही आहे. माझा मोजा पाच ठिकाणी अडकला. डोळ्यांनी त्यातली एकच जागा दिसली होती. मग पहिली रात्र आपण जागायचं, कारण ती रात्रीच हिंडते. कुठे नाक घालते, कुठल्या कोपऱ्यात दात लावते ते अंधारात टॉर्च न लावता ऐकूनही कळतं.

आणि फळ्यांचा एक जादा संच आधीच कापून ठेवा. पंखाचे नट हातानं सुटतात ते त्यासाठीच. भुरीला येऊन दोन वर्षं झाली, सध्या चौथा संच चालू आहे.