वीज वाचवा, पण बिलिंगचा डेटा घालवून नाही!

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, दुकानातला कॉम्प्युटर थोडा वेळ तसाच ठेवला की हँग होऊन राहिला, काय करू?" हे माझ्याही काउंटरवर झालंय. दुपारी दोन तास गिऱ्हाईक नाही, चारला बिल करायला गेलो तर स्क्रीन गोठलेली. रीस्टार्ट केलं, तर एसएसडीच दिसेना. पूर्ण बंद करून चालू केल्यावर दिसली, पण सकाळची काही बिलं गेली ती गेलीच.

असं का होतं, ते समजून घेऊ.

दुपारी आपण काय करतो? काउंटरवर डुलकी घेतो, नाहीतर शटर ओढून घरी जेवायला जातो. प्रोसेसरचंही तसंच. काम चालू असताना तो सी-० मध्ये असतो. सी-१ म्हणजे डुलकी. सी-६ म्हणजे त्या कोअरची वीजच तोडलेली, शटर बंद. अख्खी चिप गाढ झोपायची असेल, तर एसएसडी आणि तिला जोडणारी पीसीआय एक्सप्रेसची लाइनही झोपावी लागते.

प्रोसेसर मायक्रोसेकंदांत जागा होतो. एसएसडीला गाढ झोपेतून उठायला मिलिसेकंद लागतात. तेवढं चालतं. पण काही एसएसडी आणि मदरबोर्डची जोडी जमत नाही, आणि एसएसडी उठतच नाही. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ आवृत्तीत एसएसडीची ही आपोआप झोप चालू केली, तेव्हा काही लॅपटॉपवर हाच त्रास झाला. मग तशा मॉडेलसाठी कर्नलमध्ये अपवाद टाकावे लागले.

जुन्या हार्ड डिस्कचं दुखणं वेगळं. वीज वाचवायला ती हेड बाजूला नेऊन ठेवते, पुन्हा आणते. काही डिस्कना अशा ३ लाख फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते. दर ३० सेकंदांनी एक फेरी धरा. १० तासांत १,२०० आणि ३०० दिवसांत ३,६०,००० झाल्या. वर्षभरात मर्यादा पार!

आता हिशोब करू. एसएसडीची झोप बंद केल्याने ५ वॅट जास्त लागले असं धरू. रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १.३ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याला १६ रुपयेसुद्धा नाही. एक उधारीची नोंद गेली तर किती जातात?

मग सगळीच झोप बंद करायची का? नाही! आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बायोसमध्ये जाऊन सी-स्टेट बंद केले, तर रिकामा बसलेला प्रोसेसरही तापतो आणि त्याच डब्यातली एसएसडीही.

म्हणून या क्रमाने करा:

१. आधी बॅकअप. रोज दुकान बंद करताना वेगळ्या ड्राइव्हवर, आणि ड्राइव्ह काढून ठेवा.

२. एसएसडीचं फर्मवेअर आणि मदरबोर्डचं बायोस अपडेट करा.

३. तरी त्रास होत असेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट इथे जाऊन 'ऑफ' करा. हार्ड डिस्क असेल तर 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' समोर 'नेव्हर' ठेवा.

४. हेडच्या फेऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'लोड/अनलोड सायकल काउंट' समोर दिसतात. आज आकडा लिहा, आठवड्याने पुन्हा पाहा. भराभर वाढत असेल तर डिस्क बदलायची तयारी ठेवा.

५. सी-स्टेट चालूच राहू द्या.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आठवडाभर पाहा. सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने जमलं ते कळणारच नाही.

आणि क्रमांक १ आजच करा, बाकीचं उद्या केलं तरी चालेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!