हेक्झेन : सोयाबीन तेल उद्योगातील ज्वलनशील द्रावक – गुणधर्म व सुरक्षित हाताळणी

बीजशब्द : हेक्झेन, द्रावक निष्कर्षण, फ्लॅश पॉइंट, बाष्प, स्थिर विद्युत, प्रयोगशाळा सुरक्षा

प्रस्तावना

विदर्भाच्या शेतीत गेल्या काही दशकांत कापसाच्या जोडीला सोयाबीन आले आणि सोयाबीनपाठोपाठ त्याचे तेल काढणारे ‘सॉल्व्हंट प्लांट’ही आले. सोयाबीनच्या दाण्यात तेलाचे प्रमाण साधारणतः 18 ते 20 टक्केच असते. एक्सपेलरमध्ये दाबून तेल काढल्यास ढेपेत सहा-सात टक्के तेल शिल्लक राहते. द्रावकाच्या साहाय्याने काढल्यास हेच प्रमाण एक टक्क्याच्या खाली येते. या फरकावरच हा उद्योग उभा आहे आणि तो ज्या द्रावकामुळे शक्य होतो तो पदार्थ म्हणजे हेक्झेन होय.

नागपूर शहराचा या विषयाशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. 1942 मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तैल तंत्रज्ञानाचे शिक्षण दिले जाते. ज्वलनशील द्रवांच्या साठवणुकीस परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, अर्थात ‘पेसो’चे, मुख्यालय याच शहरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही येथेच आहे. असे असूनही सक्करदरा किंवा अन्य भागातील महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन विद्यार्थी कारखान्यात रुजू होतो, तेव्हा हेक्झेनविषयी त्याचे ज्ञान बहुधा रेणुसूत्र व उत्कलनबिंदू यांपलीकडे गेलेले नसते. प्रस्तुत लेखात या द्रावकाचे गुणधर्म सुरक्षिततेच्या दृष्टीने समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे. हेक्झेनचा धोका द्रवापेक्षा त्याच्या न दिसणाऱ्या बाष्पात अधिक असतो, हे त्यातील मध्यवर्ती सूत्र आहे.

भौतिक व रासायनिक गुणधर्म

एन-हेक्झेन हे सहा कार्बन अणूंची सरळ शृंखला असलेले संतृप्त हायड्रोकार्बन असून त्याचा रेणुभार 86 आहे. ते रंगहीन असून त्यास पेट्रोलसारखा सौम्य वास असतो. उद्योगात वापरले जाणारे हेक्झेन शुद्ध नसते. त्यात एन-हेक्झेनसोबत त्याची समघटके व इतर निकटवर्ती हायड्रोकार्बने असतात. त्याचा उत्कलन पल्ला सुमारे 63 ते 70 अंश सेल्सियस असतो. हा पल्ला तेल उद्योगास फारच सोयीचा आहे. तेल विरघळवून घेतल्यावर वाफेच्या उष्णतेने हेक्झेन उडवून लावता येते, थंड करून परत मिळवता येते आणि पुन्हा वापरता येते. मात्र जे द्रावक सहज उडते, तेच नको त्या ठिकाणीही सहज उडते.

द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेटू शकेल इतके बाष्प ज्या किमान तापमानाला तयार होते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. हेक्झेनसाठी हे तापमान शून्याखाली सुमारे 22 अंश आहे. म्हणजेच नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही हेक्झेनचे उघडे भांडे पेट घेण्याच्या स्थितीतच असते. उन्हाळ्यात परिस्थिती अधिक बिकट होते. 20 अंशाला हेक्झेनचा बाष्पदाब सुमारे 16 किलोपास्कल असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की तो 45 किलोपास्कलपर्यंत, म्हणजे जवळजवळ तिपटीने वाढतो. उन्हात ठेवलेल्या पिंपाचे झाकण उघडताना जो ‘फुस्स’ आवाज येतो, तो याच दाबाचा.

हवेत हेक्झेनचे बाष्प सुमारे 1.1 ते 7.5 टक्के असेल तर ते मिश्रण पेटू शकते. ही खालची मर्यादा किती अल्प आहे, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. एक लिटर हेक्झेनचे वजन सुमारे 660 ग्रॅम असते आणि त्यापासून सुमारे 190 लिटर बाष्प तयार होते. हे बाष्प हवेत समान मिसळले तर जवळपास 17 घनमीटर हवा ज्वलनशील बनते. प्रयोगशाळेला लागून असलेल्या लहानशा भांडारकक्षाचे आकारमान साधारण एवढेच असते. थोडक्यात, एक बाटली फुटली तर ती संपूर्ण खोली पेटण्यायोग्य होऊ शकते.

बाष्पाचे वर्तन

हेक्झेनचे बाष्प हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ते वर न जाता जमिनीलगत पसरते, उतार धरते आणि खड्डे, नाल्या व तळघरे यांत साचते. कित्येक मीटर दूर असलेल्या ठिणगीपर्यंत ते पोहोचते व ज्योत त्याच वाटेने उलट द्रवापर्यंत येते. छताजवळ बसवलेला एक्झॉस्ट पंखा अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. हवा जमिनीलगत ओढून घेण्याची सोय असावी लागते. आपल्याकडील बहुतेक जुन्या इमारतींत ती नसते.

या वर्तनाचे सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेतील लुईव्हिल या शहरात घडले. तेथील सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून हेक्झेन शहराच्या भुयारी गटारांत गेले. 13 फेब्रुवारी 1981 रोजी पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने ते बाष्प पेटले आणि दोन मैलांहून अधिक लांबीची गटारे रस्त्यांसह उद्ध्वस्त झाली. पहाटेची वेळ असल्याने जीवितहानी टळली, ही केवळ सुदैवाची बाब. महाराष्ट्रालाही बाष्पमेघाच्या स्फोटाचा अनुभव आहे. 5 नोव्हेंबर 1990 रोजी रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील वायुसंकुलात इथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला व त्यात तीसहून अधिक जणांचा बळी गेला. तेथील पदार्थ वेगळा होता. परंतु गळती, पसरणे व दूरवरून पेटणे हा क्रम तोच होता.

लुईव्हिलची घटना महाविद्यालयांशीही संबंधित आहे. प्रात्यक्षिकानंतर उरलेले हेक्झेन बेसिनमध्ये ओतून वर पाणी सोडण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. हेक्झेन पाण्यात विरघळत नाही, त्याची घनता 0.66 असल्याने ते पाण्यावर तरंगत पुढे जाते. सक्करदरा चौकासारख्या गजबजलेल्या वस्तीखालून जाणाऱ्या गटारात ते कोठे साचेल, हे बेसिनपाशी उभ्या असलेल्यास कळण्याचा मार्ग नसतो.

ठिणगीचे स्रोत

ज्योत व विडी-सिगारेट यांचा धोका सर्वांस ठाऊक असतो. स्थिर विद्युतेचा धोका मात्र दुर्लक्षित राहतो. हेक्झेन विजेचे अत्यंत मंद वाहक असल्याने नळीतून वाहताना किंवा उंचावरून भांड्यात पडताना त्यात विद्युतभार साचतो. त्याचे बाष्प पेटण्यास सुमारे 0.24 मिलिज्यूल इतकी क्षीण ऊर्जा पुरते. कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घातलेल्या माणसाच्या बोटातून उडणारी ठिणगीही याहून कितीतरी प्रबळ असू शकते. म्हणून पिंपातून दुसऱ्या धातूच्या भांड्यात हेक्झेन काढताना दोन्ही भांडी तारेने परस्परांशी जोडून त्यांचे अर्थिंग करावे, नळी तळापर्यंत न्यावी आणि सुरुवातीचा प्रवाह संथ ठेवावा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतणे टाळावे; कॅनचे अर्थिंग होऊच शकत नाही.

दुसरा दुर्लक्षित स्रोत म्हणजे तप्त पृष्ठभाग. हेक्झेनचे स्वयंज्वलन तापमान सुमारे 225 अंश आहे. इथेनॉलसाठी ते 360 अंशांच्या वर आहे. विजेची हॉट प्लेट 225 अंश सहज ओलांडते. ‘ज्योत नाही म्हणजे धोका नाही’ ही समजूत येथे घातक ठरते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळा

तेलबियांतील तेलाचे प्रमाण काढण्यासाठी सॉक्सलेट उपकरण वापरताना जलऊष्मक वापरावा. कंडेन्सरमधील पाणी सुरू असल्याची खात्री करूनच उष्णता द्यावी. नागपुरातील उन्हाळ्यात टाकी रिकामी होऊन दुपारी नळ बंद पडणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि कंडेन्सर कोरडा पडला की सर्व बाष्प खोलीत येते. असा प्रयोग सुरू असताना उपकरण सोडून वर्गावर जाणे योग्य नव्हे. हेक्झेन घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण आतील थर्मोस्टॅटची ठिणगी बंद जागेत साचलेले बाष्प पेटवू शकते.

साठवणुकीतील एक रूढ चूक म्हणजे इंग्रजी वर्णक्रमाने बाटल्या लावणे. भांडारपालास ती सोयीची वाटते; परंतु त्यामुळे हेक्झेन व हायड्रोजन पेरॉक्साइड शेजारी येतात. ज्वलनशील द्रावके व ऑक्सिडीकारके यांची कपाटे वेगळीच हवीत.

कायद्याची बाजूही प्राध्यापकांनी लक्षात घ्यावी. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार 23 अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले द्रव हायड्रोकार्बन ‘अ’ वर्गात मोडते. हेक्झेन त्यातच येते. कलम 8 नुसार विक्रीसाठी नसलेला 30 लिटरपर्यंतचा साठा विनापरवाना ठेवता येतो, पण काचेचे पात्र एक लिटरहून मोठे व धातूचे पात्र 25 लिटरहून मोठे असता कामा नये. बाजारात काचेची अडीच लिटरची बाटली सर्रास मिळते व दर लिटरमागे स्वस्त पडते म्हणून खरेदी समितीही तीच मागवते. एक लिटरची अट ही वर केलेल्या 17 घनमीटरच्या गणिताशी सुसंगत आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आग लागल्यास पाण्याचा झोत मारू नये. हेक्झेन त्यावर तरंगून आग पसरवते. फेस, कोरडी रासायनिक भुकटी अथवा कार्बन डायऑक्साइड वापरावा. पाणी शेजारची पिंपे थंड ठेवण्यास उपयोगी पडते.

आरोग्यावरील परिणाम

एन-हेक्झेनचे शरीरात 2,5-हेक्झेनडायोन या संयुगात रूपांतर होते व ते हातापायांच्या नसांना इजा करते. प्रथम मुंग्या येतात, नंतर बधिरपणा व स्नायूंची दुर्बलता येते. चीनमधील सुझोऊ येथे 2009 मध्ये मोबाइलच्या काचा एन-हेक्झेनने पुसणारे 137 कामगार अशा प्रकारे बाधित झाले होते. आठ तासांच्या कामासाठी सामान्यतः दशलक्षात 50 भाग ही मर्यादा मानली जाते. ज्वलनाची खालची मर्यादा मात्र दशलक्षात सुमारे 11,000 भाग आहे. ज्वलनशील वायूचा शोधक सामान्यतः या मर्यादेच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे 1,100 भागांवर, इशारा देतो. याचा अर्थ असा की, कारखान्यातील शोधक दिवसभर शांत असला तरी त्याच जागी काम करणारा कामगार आरोग्याच्या मर्यादेच्या वीसपट बाष्प श्वासावाटे घेत असू शकतो. त्यासाठी कमी प्रमाण मोजणारे वेगळे उपकरण व नियमित वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.