अंगाचा रंग पाहा

पावसाळ्यात सह्याद्रीच्या डोंगरात काळी फुलपाखरे दिसतात. मागच्या पंखांवर पांढरे नि लाल ठिपके, खाली शेपट्या. सारी एकाच जातीची वाटतात. पण तसे नाही बरे!

नीट पाहा. एकाचे डोके आणि पोट लाल असते. त्याची अळी ईश्वरी नावाच्या विषारी वेलीची पाने खाते. ते विष फुलपाखरात उतरते. म्हणून पक्षी त्याला टाळतात.

दुसऱ्याचे अंग काळे. त्यात विष नाही. ती निराळ्या जातीची मादी. तिने पहिल्याचे सोंग घेतले आहे. पक्षी फसतात, तिचा जीव वाचतो.

हिची अळी लिंबोणीची, कढीलिंबाची पाने खाते. रोप लहान असेल तर अळ्या वेचून काढा. पण लाल अंगाच्या फुलपाखराला मारू नका. त्याची अळी लिंबोणीला तोंडही लावत नाही.