टोनेटची चौदा नंबरची खुर्ची

व्हिएन्नाच्या टोनेट बंधूंच्या कारखान्याने १८५९ साली बाजारात आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची दिसायला साधीच: सडसडीत पाय, कमानीसारखी वळलेली पाठ, तिच्या आत आणखी एक कमान आणि वेताने विणलेली गोल बैठक. ना कोरीवकाम, ना गादी. तरी १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या.

कारखान्याचा संस्थापक मिखाएल टोनेट (१७९६–१८७१) हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. सुरुवातीला तो लाकडाचे पातळ काप सरसात उकळून साच्यात वाकवी. पण दमट हवेच्या देशांत पोचल्यावर या फर्निचरचा सरस सुटू लागला. तेव्हा सरसाचा नाद सोडून अखंड लाकूडच वाकवायचे त्याने मनावर घेतले.

एरवी वळणदार पाय जाड फळीतून कापून काढत. त्यात लाकूड वाया जाई आणि लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या कापल्या गेल्याने पाय नेमका वळणावर मोडे. वाकवलेल्या लाकडात रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात, म्हणून बारीक दांडाही माणसाचा भार पेलतो. टोनेटच्या कारखान्यात बीच या झाडाच्या लाकडाचे गोल केलेले दांडे वाफेवर मऊ करत. खरी अडचण त्यानंतरची. दांडा वाकवताना आतली बाजू दबते, ते लाकूड सोसते. बाहेरची बाजू मात्र ताणली जाऊन तडकते. टोनेटने बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी दोन्ही टोकांशी घट्ट आवळली. पट्टी लांबत नाही, त्यामुळे लाकडालाही ताणायला वाव उरत नाही. जवळजवळ सगळा दांडा दबूनच वळतो. मग तो पट्टीसकट लोखंडी साच्यात अडकवून वाळवायचा. या पद्धतीचे पेटंट १८५६ मध्ये मिळाले आणि मोराव्हियात, बीचच्या जंगलांलगत कोरिचानी येथे कारखाना उभा राहिला.

आकार देखणा आहेच, पण मोठी करामत बांधणीत आहे. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची पूर्ण होते. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि मुक्कामी पोचल्यावर कसबी सुताराशिवाय जोडता येत. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात टोनेटला सुवर्णपदक मिळाले. १८६९ मध्ये पेटंटची मक्तेदारी संपली आणि इतर कारखानेही अशाच खुर्च्या काढू लागले. मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसणाऱ्या खुर्च्या याच कुळातल्या. वेताच्या बैठकीतून हवा खेळते, आणि चहा सांडलाच तर तो साचून राहत नाही.

वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आपल्या दालनात टोनेटच्याच खुर्च्या मांडल्या. त्याच सुमारास जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर सायकलच्या हँडलवरून सुचलेली पोलादी नळीची खुर्ची घडवत होता. ब्रॉयरच्या नळीच्या खुर्च्या पुढे टोनेट कंपनीनेच बनवल्या. लाकडाची जुनी खुर्चीही बंद पडली नाही. ती आता २१४ या क्रमांकाने विकली जाते.